लेसरच्या टेबलावर घ्यायच्या आधी
अगं, थिएटरमध्ये नवीन आहेस म्हणून सांगते. लॅसिकच्या, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवायला आलेल्या पेशंटला दुखण्यापेक्षा अंधाराची भीती जास्त. डोळा घट्ट धरून ठेवणारी सक्शन रिंग लागली की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारून येतं, लेसर सुरू झाला की जळक्या केसांसारखा वास येतो. दोन्ही आधीच सांगून ठेव. परवा पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदाराने मूठ इतकी आवळली होती, की नखं तळव्यात रुतली. मी हात धरून सेकंद मोजले, तेव्हा कुठे सैल झाली. घरी सोडताना डोळा चोळायचा नाही, हे नातेवाइकांनाही बजाव. झोपताना डोळा झाकणारी शील्ड हवीच. बागेतली फवारणी, गाडीवरची धूळ, रामकुंडातली डुबकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पीआरकेवाल्याला (त्यात बुबुळावरचा पातळ थर काढून लेसर देतात) मात्र पहिले दोन-तीन दिवस दुखेल, हे स्पष्ट सांग; नाहीतर बिचारा रात्रभर घाबरून जागा राहतो.