विचारा मार्कोनीसाहेबांना : आकडे वाचणारी बाई

(जहाजावरच्या रेडिओ ऑफिसरला खलाशी 'मार्कोनीसाब' म्हणत. असेच एक निवृत्त मार्कोनीसाब वाचकांच्या बिनतारी शंकांना उत्तरं देतात.)

प्रश्न : यूट्यूबवर 'नंबर स्टेशन'चं रेकॉर्डिंग ऐकलं. एक बाई इंग्रजीत नुसते आकडे वाचत सुटते. हे हेरांसाठी असतं म्हणे. खरं का? आणि साऱ्या जगाला ऐकू येतं, तर कुणी फोडत कसं नाही? – एक वाचक, मिरज

उत्तर : खरं आहे. पण त्या व्हिडिओला मागून जे भुताटकीचं संगीत चिकटवलेलं असतं, ते आधी मनातून काढा. मूळ स्टेशन इतकं रटाळ असायचं की भुतालाही जांभई यावी.

तुम्ही ऐकलंत ते बहुधा 'लिंकनशायर पोचर'. आखाताच्या फेऱ्यांवर असताना आमच्या रेडिओ रूममध्ये ते स्वच्छ यायचं. तासाचा ठोका पडला की त्याच नावाच्या इंग्रजी लोकगीताचा तुकडा, तोच तो, पुन्हा पुन्हा. मग बाई एक पाच आकडी क्रमांक घोकायची. मग घंटा, आणि त्यानंतर पाच-पाच आकड्यांचे 200 गट, प्रत्येक गट दोनदा. गटातला शेवटचा आकडा जरा वर चढवून म्हणायची, म्हणजे लिहून घेणाऱ्याला गट संपल्याचं कळावं. सव्वा आणि पावणेला आम्हाला मात्र तीन-तीन मिनिटं 500 किलोहर्ट्झवर कान लावून बसावं लागे, कुणी संकटात आहे का ते ऐकायला. रेडिओ रूमच्या घड्याळावर त्यासाठी लाल पट्टेच रंगवलेले असत. तेवढ्यापुरती बाई बंद.

हौशी श्रोत्यांनी दिशा शोधत शोधत हे स्टेशन सायप्रसमधल्या अक्रोटिरीच्या ब्रिटिश हवाई तळावर नेऊन भिडवलं. ब्रिटिश सरकारनं त्यावर हूं की चूं केलं नाही. 2008 मध्ये ते बंद झालं. बाई अर्थातच खरी बसलेली नसे. रेकॉर्ड केलेले आकडे यंत्र जोडायचं. पूर्व जर्मनीच्या 'श्टाझी' या गुप्तहेर खात्याकडे तर आकडे बोलणारी खास पेटीच होती.

गोम त्या 200 मध्ये आहे. निरोप चार ओळींचा असो की नसोच, गट तेवढेच. उरलेला सगळा भरणा. त्यामुळे आज काही शिजतंय की नाही, हे ऐकणाऱ्याला कळायची सोय नाही.

आता फोडण्याचं. कागद-पेन्सिल घ्या. समजा निरोपाचे आकडे केले, 47291. हेराकडे एक वही असते. तिच्या पानांवर कसलाही क्रम नसलेले आकडे, आणि तशीच जोडवही मुख्यालयात. आजच्या पानावर आहे 83556. दोन्हींची बेरीज करा, पण हातचा धरायचा नाही. 4 आणि 8 बारा, लिहा 2. 7 आणि 3 दहा, लिहा 0. पुढे 7, 4, 7. हवेत गेलं 20747. हेर तशीच हातच्याशिवाय वजाबाकी करतो, त्याला 47291 परत मिळतं, आणि पान जाळून टाकतो. ज्याच्याकडे पान नाही, त्याला 20747 मधून वाटेल तो पाच आकडी निरोप काढता येतो. सगळे सारखेच शक्य! खरा कुठला, हे सांगायला कॉम्प्युटरकडे धरायला काही टोकच नाही. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननचा याचा गणिती पुरावा 1949 साली छापून आलाय.

अट एकच, पान दुसऱ्यांदा वापरायचं नाही. महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 च्या सुमारास, सोव्हिएत छापखान्यानं हजारो पानं दुबार छापली. सोव्हिएत निरोप फोडण्याचा अमेरिकनांचा 'व्हेनोना' प्रकल्प तेवढ्या फटीतून आत शिरला आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर जगला.

प्रश्न : व्हॉट्सॲपच्या जमान्यात हेर रेडिओ कशाला ऐकेल? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : कारण फोनवर निरोप घेणाऱ्याचा माग राहतो. टॉवर, सिम, सर्व्हर, सगळीकडे पावलं उमटतात. रेडिओ ऐकणारा काहीच पाठवत नाही. शॉर्टवेव्हची लहर आकाशातल्या आयनोस्फिअर या विद्युतभारित थरावरून परतून हजारो किलोमीटर पलीकडे उतरते, आणि तिथे कोण कान देऊन बसलंय ते पाठवणाऱ्यालाही दिसत नाही.

पकडली जातात ती माणसं, आणि ती घरातल्या पसाऱ्यामुळे. ॲना बेलेन मोंटेस ही अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेत क्यूबाचीच तज्ज्ञ, आणि हेरही क्यूबाचीच! मे 2001 मध्ये एफबीआयची माणसं गुपचूप तिच्या घरात शिरली. शॉर्टवेव्ह रेडिओ सापडला, लॅपटॉप सापडला. लॅपटॉपमधून पुसलेला मजकूर वर काढला तर त्यात आकड्यांचे गट, सुरुवात 30107 24624. हेच गट याच क्रमानं 6 फेब्रुवारी 1999 ला 7887 किलोहर्ट्झवर स्पॅनिश बोलणाऱ्या एका बाईनं 'आतेन्सिओन! आतेन्सिओन!' (लक्ष द्या!) म्हणत वाचले होते. काम झालं की पुसण्याचा प्रोग्रॅम चालव, असं हवानानं तिला बजावलेलंही त्याच मजकुरात निघालं. 25 वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 2023 मध्ये सुटली.

मायामीत 1998 ला धरलेल्या क्यूबन टोळीच्या खटल्यात असे उलगडलेले निरोप कोर्टापुढे आले. त्यातल्या एकात काय होतं? महिला कॉम्रेडना महिला दिनाच्या शुभेच्छा कळवा! एवढा खटाटोप करून. सरकारी खातं ते, हवानाचं झालं म्हणून काय.

आणि हे सगळं जुनंपुराणं समजू नका. 2011 मध्ये जर्मनीत मारबुर्गला पोलीस घरात घुसले, तेव्हा रशियासाठी हेरगिरी करणारी बाई रेडिओसमोरच बसली होती, असं तिथल्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

प्रश्न : एसएसबी (शॉर्टवेव्हवर बोलणं पाठवायची एक पद्धत) लागणारा नवा चिनी रेडिओ घेतलाय. 6676 किलोहर्ट्झवर दर अर्ध्या तासानं, पंचवीस आणि पंचावन्न मिनिटांना, कुणीतरी इंग्रजीत आकडे वाचतं. पोलिसांना कळवू का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : नका कळवू, हसतील. तो मुंबईचा 'व्होलमेट' आहे, वैमानिकांसाठी विमानतळांचं हवामान. आधी गावाचं नाव येतं, मग वाऱ्याची दिशा अंशांत आणि वेग नॉट्समध्ये, मग किती मीटरवरचं दिसतंय, तापमान, आणि 'क्यूएनएच' म्हणजे हवेचा दाब. गावाचं नाव सुटलं की उरलेलं सगळं गुप्त वाटतं खरं. खिडकीतल्या एलईडी दिव्याची खरखर होत असेल तर तो मालवा आणि गच्चीवर पाच-सहा मीटर तांब्याची तार टाका. मग मुंबईचा वारा नीट ऐकू येईल. मांडव्याहून लाँचनं निघायच्या आधी ऐकलात तर उलटीची गोळी घ्यायची की नाही, तेही ठरवता येईल.