मान डोलावणं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या विजयनगरमधल्या नव्या ऑफिसात सगळे तुझ्याहून लहान, मीटिंगमध्ये त्यांचे निम्मे शब्द कळत नाहीत आणि तू नुसती मान डोलावतेस, हे वाचून मला हसूच आलं. राग मानू नकोस. चौतिसाव्या वर्षी म्हातारी झाले म्हणतेस, पण मान डोलावण्यात मी तुझी गुरू आहे. चांगली सहा वर्षं डोलावली.

2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याच सुमाराची गोष्ट. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आमच्या रामबाग वस्तीत शिरायची. एक दिवस गाडीवरची पोरगी माझ्यावर ओरडली. जन्मभर पोरांना शिस्त लावलेली बाई मी, चार घरांदेखत कोणी बोललं म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या. सुनेने नंतर सांगितलं, ती आधी तीनदा साध्या आवाजात म्हणाली होती, "अम्मा, गीला अलग, सूखा अलग." तिन्ही वेळा मी हसून मान हलवली आणि सालं, प्लास्टिक सगळं एकत्र असलेला डबा तिच्या पुढ्यात धरला.

गाणं तर मला लख्ख ऐकू यायचं, म्हणून कान शाबूत आहेत अशी माझी समजूत! वयानं जाणारा कान असाच फसवतो. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, फ, थ पुसट होतात, स्वर तेवढे उरतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. मग माणूस अंदाजानं जगायला लागतो. सगळे हसले की आपणही हसायचं. एकदा भिशीत एकीच्या नवऱ्याच्या आजारपणाचं चाललं होतं आणि मी हसले. त्या बाई अजून माझ्याशी जपूनच बोलतात.

चाळिशीचा चष्मा मी बिनतक्रार लावला होता. कानाच्या यंत्राची मात्र लाज वाटली. का, ते आजही धड सांगता येत नाही. शेवटी लावलं. पहिले आठवडे नकोसे झाले. ताटांचा खणखणाट, पिशवीची चुरचुर, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा. विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला मेंदूला वेळ लागतो. मधे महिनाभर ते यंत्र कपाटात पडून होतं, हेही कबूल करते.

बदलांवर कुरकुरायची सवय तू माझ्याकडूनच उचललेली दिसतेस. 2013 ला बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध राखीव पट्ट्यातून धावणारी बस, सुरू झाली तेव्हा रस्ता वाया घालवला म्हणून मी बोलले. 2025 मध्ये ती काढायचा कोर्टाचा आदेश आला तेव्हा "चांगली बस होती हो" म्हणूनही बोलले. रस्ता बिचारा निमित्त.

तू आता एक कर. मीटिंग चालू असतानाच म्हण, "हा शब्द मला कळला नाही." नव्या माणसानं पहिल्या पंधरवड्यात विचारलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. सहा महिन्यांनी विचारलंस, तर इतके दिवस काय करत होतीस, हे आधी विचारतील. मीही सुनेला सांगून टाकलंय, स्वयंपाकघरातून ओरडू नकोस, समोर येऊन बोल. ओरडून शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

रविवारी ये. पोहे मी करते, वर भुरभुरायचा जिरावण मसाला संपलाय, तो तू आण. आणि माझ्या उजव्या बाजूला बस, डावा कान अजून रुसलेलाच आहे.

तुझ्या बाई