बॅकअप आणि व्हिडिओ एडिटिंग दोन्हीला चालेल अशी एक्स्टर्नल हार्ड डिस्क कोणती घ्यावी?

तुम्ही लग्नांचं ४के शूटिंग करता, लॅपटॉपमधली ५१२ जीबीची एसएसडी सारखी भरते, म्हणून ५ टीबीची एकच चांगली डिस्क घ्यायची, तिच्यावरच एडिटिंग करायचं आणि जुनी कामंही तिथेच ठेवायची, असा तुमचा विचार आहे. माझं मत सरळ सांगतो: ही दोन कामं एका डिस्कवर टाकू नका. मी स्वतः लग्नं आणि छोटे माहितीपट एडिट करतो. कंपनी कोणती, याच्यापेक्षा हा निर्णय मला कितीतरी मोठा वाटतो.

कार्ड फॉरमॅट झालं, लॅपटॉपवर जागा हवी म्हणून तिथलंही काढलं, की त्या ५ टीबीच्या डिस्कवर उरते ती एकमेव प्रत. ती पडली किंवा बंद पडली तर मागे काहीच नाही. पार्टीला पैसे परत देता येतील, पण पाठवणीच्या वेळी वडिलांचा चेहरा पुन्हा शूट करता येत नाही. म्हणून पहिला खर्च वेगावर नको, दुसऱ्या प्रतीवर करा.

आता एडिटिंगचं बघू. तुमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने ४के रेकॉर्ड करत असेल, तर ते होतात सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क एका ओळीत वाचताना सेकंदाला १०० ते १३० एमबी सहज देते. म्हणजे कागदावर तिच्यावर एडिटिंग व्हायला हवं, आणि एका कॅमेऱ्याचं, साध्या कटिंगचं काम होतंही. पण लग्नात दोन-तीन कॅमेरे असतात. ते टाइमलाइनवर सिंक करून लावले की डिस्कच्या हेडला तीन वेगवेगळ्या फाइलींमध्ये उड्या माराव्या लागतात. प्रत्येक उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, त्यातच सॉफ्टवेअर आवाजाचे आलेख (वेव्हफॉर्म) आणि तात्पुरत्या फाइली (कॅश) लिहीत असतं. तिथे प्लेबॅक अडखळतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो.

मात्र एक तपासून घ्या. फुटेज १० बिट एच.२६५ या घट्ट दाबलेल्या प्रकारातलं असेल तर अडखळण्याचं कारण बऱ्याचदा डिस्क नसतेच, प्रोसेसरला ते उलगडायला जड जात असतं. टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क निवांत आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर कितीही महाग एसएसडी आणा, फरक पडणार नाही. तिथे प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवा. प्रॉक्सी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवल्या की तूर्तास बाहेरच्या एसएसडीशिवायही भागतं. बजेट फारच कमी असेल तर मी हाच रस्ता सुचवेन: दोन साध्या हार्ड डिस्क, आणि एडिटिंग प्रॉक्सीवर.

मोठ्या पोर्टेबल हार्ड डिस्कबद्दल आणखी एक गोष्ट, जी खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. १ टीबीच्या वरच्या बहुतेक अडीच इंची डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारचीही उचलावी लागतात. एकदा लिहून ठेवून द्यायला ही पद्धत उत्तम. पण रोज पुसा, लिहा, कॅश बनवा असं केलं की भरत आलेल्या डिस्कचा वेग पार खाली येतो. हीच पद्धत न सांगता एनएएससाठीच्या (नेटवर्कवरच्या सामाईक साठवणीच्या) डिस्कमध्ये वापरल्याचं २०२० मध्ये उघड झालं, तेव्हा वेस्टर्न डिजिटलवर ग्राहक बरेच चिडले होते. थोडक्यात, बॅकअपला एसएमआर चालते, एडिटिंगला नको.

मग घ्यायचं काय? कामासाठी १ किंवा २ टीबीची पोर्टेबल एसएसडी, सेकंदाला १००० एमबीच्या वर्गातली. सॅमसंग टी७ किंवा क्रुशल एक्स९ प्रो या वर्गात येतात. दुप्पट वेगाच्या २० गिगाबिटवाल्या एसएसडीसाठी लॅपटॉपचा पोर्टही तसा लागतो, आणि बहुतेक लॅपटॉपवर तो नसतो. केबल खोक्यातलीच वापरा. मोबाइल चार्जरच्या बऱ्याच टाइप-सी केबल आतून यूएसबी २ च्या असतात. त्या लावल्या की सेकंदाला हजार एमबी देणारी एसएसडी चाळीस एमबीवर येते आणि माणूस एसएसडीला दोष देत बसतो.

बॅकअपसाठी दोन साध्या हार्ड डिस्क, ४ किंवा ५ टीबीच्या. सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा, कोणतीही चालेल. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या हजारो डिस्कचे आकडे जाहीर करते. वर्षाला साधारण एक ते दीड टक्का डिस्क जातात, आणि कधीच न जाणारी कंपनी त्यात एकही नाही. म्हणून ब्रँडवर विश्वास ठेवण्यापेक्षा प्रतींवर ठेवा. अडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क वेगवान असते आणि दर टीबीला स्वस्तही पडते, पण लाइट सारखी जात असेल तर तिला यूपीएस हवाच. कोणतीही हार्ड डिस्क चालू असताना उचलू नका, तिरकी करू नका.

या दोनपैकी एक डिस्क स्टुडिओत, दुसरी दुसऱ्या ठिकाणी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक बाहेर, हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी लोकप्रिय केला. आपल्याकडे तो किती खरा आहे ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणकरांनी पाहिलं. स्टुडिओ तळमजल्यावर आणि घर त्याच गल्लीत असेल तर दोन्हीकडे एकदम पाणी शिरतं. दुसरी डिस्क दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा, नाहीतर निदान वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे. क्लाउडवर सगळं फुटेज चढवायचं म्हटलं तर ५० मेगाबिट अपलोडला १ टीबीला ४४ तास लागतात, म्हणून तिथे मी फक्त तयार फिल्म आणि प्रोजेक्ट फाइल ठेवतो.

कामाचा क्रम असा ठेवा: शूटवरून आल्यावर त्याच रात्री कार्डातून एसएसडीवर आणि पहिल्या हार्ड डिस्कवर कॉपी, तीही पडताळणीसह. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी क्लोन टूल आहे, विंडोजवर टेराकॉपी हा कॉपी करण्याचा प्रोग्रामही चालतो. दोन्हीकडे उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, लग्नसराईत उद्या सकाळीच दुसरा मुहूर्त असला तरी नाही. लागलंच तर आणखी एक कार्ड घ्या, ते स्वस्त पडेल. काम पार्टीला दिलं की फुटेज आणि अंतिम फाइल दोन्ही हार्ड डिस्कवर असल्याची खात्री करूनच एसएसडी रिकामी करायची. वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी वापरू नका. वीज नसताना तिच्यातला चार्ज हळूहळू ओसरतो, आणि वापरून झिजलेल्या, उकाड्यात ठेवलेल्या एसएसडीत तो लवकर ओसरतो.

रिझॉल्व्ह वापरत असाल तर एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तुमचं एडिटिंग फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतं, ते प्रोजेक्ट लायब्ररीत, लॅपटॉपच्या आत असतं. फुटेजच्या तीन प्रती असल्या आणि लॅपटॉप गेला तर कटिंग गेलंच. दर कामाचा प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून फुटेजसोबत ठेवा.

फॉरमॅट: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकवालाही तीच डिस्क लावणार असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, नसतं, म्हणून तिथे 'सेफली रिमूव्ह' न करता केबल ओढणं जास्त धोक्याचं.

ऑनलाइन दिसणाऱ्या दोन हजारांतल्या १६ टीबी एसएसडींकडे बघूही नका. अनेकदा आत एक छोटं मेमरी कार्ड निघतं, क्षमता खोटी दाखवलेली असते आणि ती ओलांडली की फाइली वाया जातात. नवी डिस्क आली की आधी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून वाचून घ्या. ५ टीबीला त्यात एक दिवसाहून जास्त वेळ जातो, म्हणून लग्नसराई सुरू व्हायच्या आत आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या.