स्किमर, पंप आणि खोक्यावरचे आकडे

प्रश्न : माझी माशांची खाऱ्या पाण्याची टाकी १२० × ४५ × ५० सेंटिमीटरची, म्हणजे २७० लिटरची असून खाली संप (पाणी गाळून वर परत पाठवण्याची दुसरी टाकी) आहे. ‘३०० लिटरपर्यंत’ असे लिहिलेला प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारे यंत्र) पुरेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काठाखाली सोडलेली चार सेंटिमीटर जागा आणि दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा केली, तर वरच्या टाकीत सव्वादोनशे लिटरच पाणी उरते, संपातले पन्नासेक लिटर धरून एकूण पाणी पावणेतीनशेच्या घरात जाते. मात्र स्किमरवरचा भार पाण्यापेक्षा माशांच्या खाण्याने ठरतो. उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून सुटणारे प्रथिनांसारखे पदार्थ बारीक बुडबुड्यांना चिकटतात आणि कुजून त्यांचा अमोनिया होण्याआधीच फेसाबरोबर स्किमरच्या मानेतून वरच्या कपात जाऊन पडतात. एकदा त्यांचे नायट्रेट झाले, की स्किमरचा काही उपयोग होत नाही. खोक्यावरचा आकडा बहुधा मोजकेच मासे असलेल्या टाकीचा असतो. दोन क्लाउनफिश आणि एखादा गोबी एवढेच मासे ठेवणार असाल तर हा स्किमर चालेल. पण मासे अधिक असतील आणि दिवसातून तीनदा खाणे पडत असेल, तर ५०० लिटरचा घ्यावा. त्याहून फार मोठा घेऊ नये, कारण त्याच्या रुंद मानेत फेस दाटत नाही आणि कपापर्यंत पोचण्याआधीच मोडतो. खरेदीपूर्वी स्टँडच्या आतली उंचीही टेपने मोजावी. स्किमर आत बसतो, पण धुण्यासाठी कप वर काढायला चार बोटेही जागा उरत नाही, असे पुष्कळांचे होते.

प्रश्न : नव्या स्किमरचा कप आठ दिवस कोरडा होता आणि काल अचानक पाण्याने भरून वाहू लागला. यंत्र सदोष आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तसे वाटत नाही. कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकवरचा तेलकटपणा जाऊन फेस स्थिरावायला एक-दोन आठवडे लागतातच. कालच्या प्रकारासाठी मात्र आपण पाण्यात काय घातले होते ते आठवून पाहावे : वॉटर कंडिशनर, प्राझिक्वांटेल हे जंतनाशक असलेले औषध किंवा दगड चिकटवायची इपॉक्सी पुटी यांनी फेस उसळतो. याउलट तेलकट हाताने तो बसतो. फोडणीचा हात पुसून मी टाकीत घातला, तेव्हा पाच मिनिटांत मान रिकामी झाली होती.

काहीच घातले नसेल, तर संपातली पातळी तपासावी. रिटर्न पंपाच्या (संपातले पाणी वर परत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातले पाणी बाष्पीभवनाने रोज खाली जाते, म्हणून स्किमर तेथे न ठेवता, आडव्या काचेमुळे पातळी कायम राहते अशा कप्प्यात ठेवावा. माहितीपत्रकात दिल्यापेक्षा पाणी खोल असल्यास तो काही सेंटिमीटर उचलून ठेवावा. कपात कोऱ्या चहाच्या रंगाचे, नाक मुरडायला लावणारे पाणी जमू लागले, की जुळणी बरोबर झाली असे समजावे.

प्रश्न : ताशी ३,००० लिटरचा रिटर्न पंप आहे, तरी वर बेताचेच पाणी येते, शिवाय वीज गेली की फरशीवर पाणी होते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ३,००० लिटर हा शून्य उंचीवरचा आकडा आहे. पंपाची पाणी चढवण्याची कमाल उंची अडीच मीटर असेल आणि पाणी १.४ मीटर चढवायचे असेल, तर ताशी १,३०० लिटरच्या आसपासच मिळते, आणि नळीचा प्रत्येक कोपरा त्यातूनही थोडे खातो. तीनशे लिटरच्या व्यवस्थेला एवढे पुरते, कारण संपातून पाणी ताशी तीन ते पाच वेळा फिरले तरी चालते. प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह वेव्हमेकरने (टाकीतच पाणी ढवळणाऱ्या पंपाने) द्यावा. प्रवाह पूर्वी चांगला असून आता घटला असेल, तर पंप तासभर पातळ व्हिनेगरमध्ये चालवून आतला चुना काढावा.

फरशीवरचे पाणी सायफनचे आहे. पंप थांबला, की रिटर्न नळीचे तोंड जेवढे बुडालेले असते तेवढे पाणी उलट खाली येते. १२० × ४५ च्या टाकीत नुसते तीन सेंटिमीटर म्हणजे १६ लिटर होतात. नळीला पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडावे, म्हणजे पाणी तेथवर उतरताच हवा शिरून ओघ तुटतो, आणि ते शेवाळाने बुजू देऊ नये. केवळ चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नये, त्यात एखादा शंख अडकला तरी तो बंद होत नाही. त्यानंतर सगळे पंप बंद करून, पाणी उतरू देऊन संप सुरक्षित काठापर्यंत भरावा, पंप सुरू करावेत आणि पाणी स्थिरावेल तेथे मार्करने रेघ मारावी. रोजची भर त्या रेघेच्या वर कधीही जाऊ देऊ नये.