चुण्या मशीनवर पडत नाहीत, टाचताना पडतात

अगं, गोधडीच्या मागे चुण्या पडल्या म्हणून मशीनला दोष देऊ नकोस. एवढी मोठी गोधडी पलंगावर टाचलीस, म्हणजे शिवण्याआधी थर तात्पुरते जोडलेस, तिथंच चुकलं. शहाबादी फरशी पुसून घे, मागचं अस्तर उलटं अंथर, कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटव. सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलंस तर पट्टी काढल्यावर आखडतं आणि मागच्या बाजूला चुण्या. अस्तर चारी बाजूंनी 3-4 इंच जास्त ठेव. आत नवी सोलापुरी चादर घालणार असशील तर आधी धू, सुती आटते. माझी पहिली गोधडी तशीच आक्रसली! अस्तरावर आतला थर, त्यावर वरचं कापड अंथर आणि प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सारखा कर. सेफ्टी पिनाही मधूनच सुरू, मुठीमुठीच्या अंतरावर. पंखा बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जिवावर येतं, म्हणून मी पहाटेच बसते.