आग्रा रोड इंदूरला जातो : सिंक्रोट्रॉनविषयी श्रोत्यांचे प्रश्न

इंदूरच्या ‘राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रा’त म्हणजे आरआरकॅटमध्ये ‘इंडस-2’ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून त्यांतून क्ष-किरण मिळवणारं यंत्र आहे. तिथं नमुने घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. गेल्या महिन्यात नाशिकमध्ये त्यावर बोललो, तेव्हा वेळ संपला आणि श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांतल्या काहींना इथं उत्तरं देतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजात एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र आहे. क्ष-किरण तेच, मग सिंक्रोट्रॉनचं वेगळेपण काय? (एम.एस्सी. भौतिकशास्त्र, कॉलेज रोड)

कॉलेजच्या यंत्रात तांब्याच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन आदळतात. त्यातून एका ठरावीक ऊर्जेचे, सुमारे 8 हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण जोरात निघतात. बाकी ऊर्जांचे अगदी क्षीण. म्हणजे दिवा एकच आणि त्याचा रंगही एकच.

सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन कशावर आदळवायचे नसतात, वळवायचे असतात. पावसाळ्यात सायकल जोरात चालवली की चाकावरचा चिखल स्पर्शरेषेत उडतो, तसा प्रकाशाच्या वेगाला टेकलेला इलेक्ट्रॉन चुंबकानं वळवला की तो समोर, स्पर्शरेषेत प्रकाश फेकतो. इंडस-2 चा परीघ सुमारे 172 मीटर आहे. त्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला 17 लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. त्यांची ऊर्जा 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. या ऊर्जेला प्रकाशाचा झोत इतका अरुंद होतो की वीस मीटर दूर गेल्यावरही तो उभ्या दिशेनं काही मिलिमीटरच पसरलेला असतो. आणि त्या झोतात अतिनीलपासून कठीण क्ष-किरणांपर्यंत सगळ्या ऊर्जा सलग असतात. सिलिकॉनचा स्फटिक किंचित फिरवायचा आणि हवी ती ऊर्जा निवडायची.

माझ्या मते खरा फरक या निवडीत आहे. तेजस्वीपणाचं कौतुक सगळे करतात, पण ऊर्जा हळूहळू बदलत नेऊन एकाच मूलद्रव्याला प्रश्न विचारता येणं, हे कॉलेजच्या यंत्राला जमत नाही. हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांना दिसला 1947 मध्ये, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. कणभौतिकीवाल्यांना तेव्हा तो ऊर्जेची गळती वाटायचा. आज त्या गळतीसाठीच यंत्रं बांधली जातात.

प्रश्न : मी निकेल-झिंक फेराइटच्या नॅनोकणांवर पीएच.डी. करते. एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन), एफटीआयआर (अवरक्त वर्णपट), व्हीएसएम (चुंबकत्वाची मोजणी) झालं. रिव्ह्यूअर काहीतरी नवीन मागतोय म्हणून गाईड म्हणतात, इंदूरला जाऊन एक्झाफ्स (क्ष-किरण शोषणाची चाचणी) करून या. कसं जायचं? खर्च किती? (संशोधक विद्यार्थिनी, नाशिक रोड)

कसं जायचं ते सांगतो, पण आधी का जायचं ते ठरवूया. ‘रिव्ह्यूअर मागतोय’ हे कारण तिथल्या समितीपुढे टिकत नाही. आणि तुमच्या हातात तर फार चांगलं कारण आहे.

फेराइट हे लोखंड आणि इतर धातूंचं चुंबकीय ऑक्साइड. त्याच्या रचनेत धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात : चार ऑक्सिजनांनी वेढलेली आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेली. जस्ताला एरवी चारची जागा आवडते, निकेलला सहाची. पण कण नॅनो आकाराचे झाले की ही शिस्त मोडते, काही जस्त सहाच्या जागेत शिरतं आणि लोखंड चारच्या जागेत सरकतं. तुमच्या व्हीएसएममध्ये चुंबकत्वाचा आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला असेल, तर त्याचं मूळ इथं असू शकतं. नेहमीच्या एक्सआरडीला हे नीट दिसत नाही, कारण लोखंड, निकेल, जस्त यांचे अणुक्रमांक 26, 28, 30. क्ष-किरणांना तिघं जवळपास सारखेच. शिवाय तांब्याच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकायला लागतं आणि आलेखाखाली धुकं साचतं.

एक्झाफ्समध्ये तुम्ही एका वेळी एकाच धातूला गाठता. लोखंडाची एज, म्हणजे ज्या ऊर्जेला त्याचं शोषण एकदम उसळी मारतं ती जागा, 7112 इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे. निकेलची 8333 ला, जस्ताची 9659 ला. एजच्या पुढे शोषणात ज्या लहरी दिसतात, त्यांतून त्या धातूभोवती किती शेजारी आहेत आणि किती अंतरावर, ते निघतं. तेव्हा प्रस्तावात लिहा : ‘कणांचा आकार कमी होताना जस्त जागा सोडतं का, आणि किती?’ सोबत तुमचे एक्सआरडी आणि व्हीएसएमचे आलेख जोडा. पंधरा नमुने मागू नका. चार मागा आणि त्या चारांचीच निवड का केली ते सांगा.

आता रीत. अर्ज ऑनलाइन असतो आणि तो गाईडच्या नावानं जातो. तज्ज्ञ तो वाचतात, मंजूर झाला की बीमलाइनचे, म्हणजे झोत नमुन्यापर्यंत आणणाऱ्या वाटेचे, शास्त्रज्ञ तारखा कळवतात. इंडस-2 वर एक्झाफ्सच्या दोन बीमलाइन आहेत, 8 आणि 9 क्रमांकाच्या. तुमचं काम 9 वर. अर्जाआधी तिथल्या शास्त्रज्ञाला दोन परिच्छेदांचं पत्र लिहा. यात कमीपणा काही नाही, उलट अर्धे अर्ज त्यामुळे चुकण्यापासून वाचतात. विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या, प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाला बीमटाइमचे, म्हणजे झोत वापरण्याच्या वेळेचे, पैसे पडत नाहीत. प्रवासाचं म्हणाल तर नाशिकच्या द्वारका चौकातून निघणारा आग्रा रोडच चांदवड, मालेगाव, धुळे, सेंधवा करत इंदूरला पोचतो. साधारण 400 किलोमीटर. चांदवडचा रंगमहाल बांधणाऱ्या होळकरांचा हाच रस्ता.

नमुन्यांबद्दल मात्र ऐका. माझ्या पहिल्या फेरीत मी जाडजूड, न तुटणाऱ्या गोळ्या करून नेल्या होत्या. दिसायला सुबक. रात्री अकराला पहिला स्कॅन लावला आणि एजची उसळी निम्मीच दिसली. गोळी इतकी जाड की किरण पलीकडे पोचतच नव्हते. रात्री दोन वाजता त्याच गोळ्या खलात कुटल्या, पूड बारीक करून चिकटपट्टीवर बोटानं पातळ चोळली, चार थर एकावर एक ठेवले आणि पहाटे कुठं नीट आलेख आला. तोवर आमची निम्मी शिफ्ट गेली होती. म्हणून घरीच हिशेब करा. 15 मिलिमीटर व्यासाच्या गोळीत लोखंडाच्या एजसाठी तुमचं फेराइट दहा-बारा मिलिग्रॅम पुरतं. बाकी बोरॉन नायट्राइड, म्हणजे किरण फारसे न अडवणारी पूड, मिसळायचं. जस्तासाठी तीच गोळी चालत नाही, त्याला फेराइट जास्त घ्यावं लागतं. पण फार वाढवलं की लोखंडच सगळे किरण गिळतं. प्रत्येक एजसाठी वेगळी गोळी करा, प्रत्येकीच्या दोन प्रती ठेवा आणि डब्यांवर पेननं नावं लिहा. पहाटे चारला ‘झेड-3’ म्हणजे कोणता नमुना, हे आठवत नाही.

प्रश्न : द्राक्षवेलीच्या डावणी रोगासाठी आम्ही वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतो. माती परीक्षणात तांबं जास्त आलं. ते तांबं मातीत नक्की काय होऊन बसलंय, हे तुमच्या यंत्रात कळेल का? (द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

कळेल. पण ‘तांबं किती’ या प्रश्नासाठी सिंक्रोट्रॉन लागत नाही, ते तुमच्या माती परीक्षण केंद्रात कळलंच आहे. तुम्ही विचारलंय ‘काय होऊन बसलंय’, आणि तो प्रश्न इंदूरच्या लायकीचा आहे.

बोर्डोतलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मातीत पडलं की तांबं तसंच राहत नाही. काही शेणखत-कंपोस्टमधल्या सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरतं, काही लोहाच्या ऑक्साइडांवर आणि चिकणमातीवर बसतं, चुनखडीच्या जमिनीत काही कार्बोनेटच्या रूपात जातं. मुळांना आणि गांडुळांना त्रास किती, हे आकड्याइतकंच या रूपावर ठरतं. शिवाय आपली माती दख्खनच्या बेसाल्टची. त्या खडकात मुळातच बऱ्यापैकी तांबं असतं. फवारणीचं तांबं कोणतं आणि खडकाचं कोणतं, हे नुसत्या आकड्यावरून वेगळं करता येत नाही. 8979 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास तांब्याच्या एजचा आकार नीट पाहिला आणि माहितीतल्या तांबे-संयुगांच्या आकारांशी ताडून पाहिला, तर ढोबळ वाटणी करता येते.

अडचणी दोन. पहिली म्हणजे काळ्या मातीत तांब्याच्या कित्येक पटींनी लोखंड असतं. डिटेक्टरवर लोखंडाच्या किरणांचा पूर येतो आणि तांब्याचा आवाज त्यात बुडतो. त्यावर उपाय आहेत, मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवणं हा त्यांतला साधा. दुसरी अडचण लबाड आहे. क्ष-किरणांचा मारा होत राहिला की द्विसंयुजी तांबं एकसंयुजी व्हायला लागतं, आणि 8983 च्या जवळ एक छोटा उंचवटा उगवतो जो मातीत कधीच नव्हता. म्हणून एकाच ठिकाणी लागोपाठ स्कॅन घेऊन पहिला आणि शेवटचा ताडून बघायचा. आकार बदलत असेल तर नमुना सरकवायचा किंवा थंड करायचा.

एकट्या बागायतदारानं हे करावं असं मी सांगणार नाही. पण तीस वर्षांची जुनी बाग, शेजारची पाच वर्षांची बाग आणि बांधावरची कधीच न फवारलेली जमीन, असे तीन नमुने एकाच गावात सापडणं ही संशोधकासाठी पर्वणी आहे. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे हा विषय घेऊन जा आणि नाशिकच्या एखाद्या रसायनशास्त्र विभागाला सोबत घ्या. कुणी पुढे आलं तर प्रस्ताव लिहायला मी बसतो. तोवर माती काढलीत तर भट्टीत वाळवू नका. हवाबंद पिशवीत थंड ठेवा आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या तारखा लिहून ठेवा.

प्रश्न : 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्रानं पुन्हा ठसा मारलेला. अशा नाण्यातली चांदी किती शुद्ध, हे नाणं न कापता कळेल का? (नाणे-अभ्यासक, अंजनेरी)

पृष्ठभागाचं कळेल, आतलं सहज नाही. क्ष-किरण प्रतिदीप्तीत, म्हणजे क्ष-किरणांचा मारा केल्यावर, नाण्यातला प्रत्येक धातू आपापले किरण बाहेर टाकतो. चांदीचे किरण काही दशक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोलीवरून बाहेर येऊ शकतात, तांब्याचे मात्र चांदीतून जेमतेम चार-पाच मायक्रॉनांवरून. त्यात मातीत दोन हजार वर्षं पडून पृष्ठभागातलं तांबं झिरपून गेलेलं असतं. म्हणून आकडा नेहमी जरा जास्तच शुद्ध येतो. आधी कुणी चिंचेनं घासून चकाकी आणली असेल तर बोलायलाच नको. खोलवर पाहायचं तर न्यूट्रॉन बरे. मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर त्याची सोय आहे. तुमच्या संग्रहातल्या नाण्यांना मात्र घासू नका, एवढी विनंती.

प्रश्न : आत रेडिएशन असतं. विद्यार्थ्यांना पाठवणं सुरक्षित आहे का? (प्राचार्य)

हो. ही अणुभट्टी नाही. इलेक्ट्रॉन थांबवले की किरण थांबतात. नमुना शिशाच्या पत्र्यानं मढवलेल्या खोलीत असतो, तिला हच म्हणतात. आत कुणी नाही हे फिरून पाहायचं, आतलं बटण दाबायचं, भोंगा वाजतो, दार बंद करून किल्ली फिरवायची. त्याशिवाय शटर उघडतच नाही. प्रत्येकाच्या छातीवर मोजणीचा बिल्ला असतो.

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.ला आहे. मी ओझरला कारखान्यात आहे. इंडस-2 आता जुनं झालं म्हणतात. या क्षेत्रात तिला पुढे काही आहे का?

इंडस-2 मध्ये पहिला प्रकाश 2005 साली आला. त्याआधीचं धाकटं इंडस-1, 45 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचं, 1999 पासूनचं. जग पुढे गेलं हे खरं आहे. स्वीडनच्या लुंड गावात 2016 मध्ये मॅक्स-4 सुरू झालं, फ्रान्सच्या ग्रेनोबलमधलं जुनं यंत्र 2020 मध्ये त्याच बोगद्यात नव्यानं उभं राहिलं आणि त्याचा इलेक्ट्रॉन-झोत आडव्या दिशेनं सुमारे तीस पट आटोपशीर झाला. तिथं जे बारीक चित्रण होतं ते इंदूरला होणार नाही. पण फेराइट, माती, औषधं, प्रथिनं यांचे बहुतेक प्रश्न इंडस-2 वर आजही उत्तम सुटतात. तिथं नंतर अनड्युलेटर, म्हणजे झोत आणखी तेजस्वी करणाऱ्या चुंबकांच्या रांगा, बसवले गेले. आणि इलेक्ट्रॉनना ऊर्जा देणारे आयात क्लिस्ट्रॉन काढून केंद्रातच बनवलेले सॉलिड-स्टेट अॅम्प्लिफायर लावले. हे दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण सुटा भाग परदेशातून येईपर्यंत यंत्र बंद ठेवण्याची पाळी त्यानं टळते. आपले संशोधक इटलीतल्या ट्रिएस्ट, जर्मनीतल्या हॅम्बर्ग आणि जपानच्या त्सुकुबा इथल्या सिंक्रोट्रॉनांवरही भारताच्या सहकार्य-करारांतून जातात.

तुम्ही कारखान्यात काम करता, तेव्हा एक गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. असं यंत्र चालतं ते निर्वात, चुंबक, रेडिओ-फ्रिक्वेन्सी, शीतकरण आणि नियंत्रण यांवर. पाईपच्या एका सांध्यातून बारीकशी गळती झाली तरी इलेक्ट्रॉनांचा झोत नाहीसा होतो. हातानं काम करायची आवड असलेल्या मुलीला तिथं खूप जागा आहे. एम.एस्सी. झाल्यावर बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रेनिंग स्कूलची वाट आहे, तिचं एक केंद्र आरआरकॅटमध्येच आहे. संशोधन करायचं तर होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून पीएच.डी. होते.

पण आधी तिला ते दाखवा. फेब्रुवारीच्या शेवटी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्रात विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतो. कॉलेजनं पत्र पाठवून चौकशी करावी. ओळखपत्राशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. द्वारकेवरून रात्रीची बस घेतली की सकाळी इंदूर येतं.