हँग झाला की आधी कॅप्स लॉक दाबा

प्रश्न : मी घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिका, नोट्स, मुलांचे गुण सगळं घरच्या कॉम्प्युटरवर, डी ड्राइव्हमध्ये आहे. ७ वर्षांचा असेंबल केलेला कॉम्प्युटर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. दोन महिने झाले, तो मध्येच हँग होतो. एखाद्या दिवशी तीनदा, तर कधी चार-चार दिवस काहीच नाही. कधी दोन मिनिटांनी आपोआप चालू होतो, कधी बटण दाबून बंदच करावा लागतो. ओळखीच्या मुलाने दोनदा फॉरमॅट मारला, आता मदरबोर्ड बदला म्हणतोय. बदलू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मदरबोर्डसाठी इतक्यात एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : ‘कधी दोन मिनिटांनी आपोआप चालू होतो.’ २२ वर्षं ही दुरुस्ती करतोय. रॅम किंवा पॉवर सप्लाय बिघडला की कॉम्प्युटर सहसा अडकतो तो अडकतोच. नाहीतर निळी स्क्रीन येते, किंवा धाडकन रीस्टार्ट होतो. थांबून पुन्हा चालायला लागणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा कशाची तरी वाट बघत असतो, आणि इतक्या जुन्या यंत्रात माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो. डिस्कवरची एखादी जागा वाचता येत नाही, डिस्क तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि विंडोज तोवर ताटकळतं. त्या जागेवरची फाइल लागली नाही की चार दिवस सगळं सुरळीत. फॉरमॅटने फरक पडला नाही तो यामुळेच असावा.

म्हणून तपासणी नंतर. आजच डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आधी गुण आणि प्रश्नपत्रिका, मग बाकीचं. एखादी फाइल कॉपी होताना अडकली तर ती सोडून पुढे जा. कुणी ‘चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) चालवा’ म्हणालं तर बॅकअप होईपर्यंत स्पष्ट नाही म्हणा. खिळखिळी झालेली डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायला लावली तर ती त्यातच कायमची बंद पडू शकते. माझ्या हातून एकदा असं झालंय, एका घरातले बारशाचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून मी बॅकअप घेतल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही.

पुढच्या वेळी हँग झाला की लगेच बटण दाबू नका. कॅप्स लॉक दाबून बघा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? माऊसचा बाण हलतो का? कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला आहे का? आणि कान लावून ऐका, आतून टक्-टक् येतं का? हे सगळं एका वहीत वेळेसकट लिहा. बाण हलतोय, कॅप्स लॉकचा दिवा बदलतोय, पण काहीच उघडत नाही, तर संशय डिस्कवरच. सगळं निर्जीव आणि स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहिला, तर मात्र रॅम, उष्णता, ग्राफिक्स किंवा पॉवर सप्लाय.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. त्यात ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळींचा शेवटचा आकडा बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदलून टाकलेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायच्या बाकी असलेल्या जागा. सी५ शून्य नसेल तर डिस्क बदलायचीच. सी७ वेगळा, तो माहितीची ने-आण होताना झालेल्या चुकांचा : तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलमध्ये असतो. गेल्या पावसाळ्यात एका शिंप्याचा कॉम्प्युटर असाच आला होता, नवी डिस्क घ्यायच्या तयारीत होता बिचारा. शे-दीडशेची केबल बदलली आणि काम झालं. केबल बदलली तरी सी७चा जुना आकडा कमी होत नाही, तो पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडाल तर ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसेल. घाबरू नका. कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद झाला, एवढाच तिचा अर्थ; तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी ती येते. ही नोंद बघून लोकांनी चांगले पॉवर सप्लाय बदललेले मी पाहिलेत. तिच्या आधीच्या दहा मिनिटांत ७, १२९ किंवा १५३ क्रमांकाची नोंद आहे का ते शोधा. त्या डिस्कच्या तक्रारी असतात.

डिस्क आणि केबल दोन्ही स्वच्छ निघाली, तर रॅम. प्लगची वायर काढून पट्टी बाहेर घ्या, सोनेरी टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत घट्ट बसवा. मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

वहीतल्या पहिल्या पाच नोंदी आणि त्या तीन ओळींचे आकडे मला पाठवा. मदरबोर्डचं त्यानंतर बोलू.